वायरमनीण

वायरमन शिडीवर आणि वायरमनीण शिडीखाली, ही जोडी त्या भागातल्या बहुतेक घरांच्या ओळखीची होती. तो वर चढून एक हात मागे करायचा आणि ती त्या हातात वायर ठेवायची. नुसती ठेवायची नाही, बोलून ठेवायची. "लाल घ्या." थोड्या वेळानं, "काळी घ्या." मग, "हिरवी घ्या." काम सुरू झाल्यापासून हात धुवेपर्यंत हा जप एका सुरात चालायचा. घरमालकांना त्याची गंमत वाटायची. "वहिनी, तुम्ही आलात की आम्हाला रेडिओ लावावा लागत नाही," असं कुणीतरी हमखास म्हणायचं, आणि तीही हसून पुढची वायर सोलायला घ्यायची.

मास्तरांची ती मास्तरीण, डॉक्टरांची ती डॉक्टरीण, या हिशेबानं लोकांनी तिला वायरमनीण करून टाकलं होतं. तिचं खरं नाव आता फक्त कागदपत्रांवर आणि तिच्या आईच्या तोंडी उरलं होतं. तिला त्याचं काही वाटत नसे. लोक नावं ठेवायला बसले तर याहून वाईट ठेवतात.

वायरमन माणूस फटकळ. नाकावर माशी बसू द्यायचा नाही. घरमालकानं "इथे एक बटण जास्तीचं बसेल का हो?" एवढं विचारलं तरी तो शिडीवरून असा बघायचा, की हे घर आपलं आहे की याचं, असा घरमालकाला प्रश्न पडावा. तरी लोक त्यालाच बोलवायचे, कारण त्यानं बसवलेला बोर्ड पुन्हा उघडावा लागत नसे. सरळ पाइप, घट्ट स्क्रू, एक वायर इकडची तिकडे नाही. त्याच्या हाताची ख्याती होती आणि ती खोटी नव्हती. फक्त एक गोष्ट त्या भागात कुणालाच ठाऊक नव्हती. वायरमनला लाल आणि हिरवा यांतला फरक दिसत नव्हता.

बायकोला ठाऊक होतं, पण तेही त्यानं सांगून नव्हे. लग्नाला वर्ष व्हायच्या आतली गोष्ट. त्यानं एका लाँड्रीत नवीन वायरिंग केलं. वीज सुरू झाली, लाँड्रीवाल्यानं इस्त्रीला हात लावला आणि तो असा झटकला की इस्त्री टेबलाखाली जाऊन पडली. लाल वायर वीज घेऊन येते. हिरवी जमिनीत जाते, काही बिघडलं तर माणसाला वाचवते. सॉकेटच्या मागे नेमकी या दोघींची अदलाबदल झाली होती. लाँड्रीवाल्याच्या पायात रबरी चपला होत्या म्हणून निभावलं. त्यानं सगळा दोष इस्त्रीला दिला आणि नवी इस्त्री आणली. वायरमननं मधल्या वेळात जाऊन सॉकेट उघडलं, टेस्टर लावून कुठली वायर कुठली ते शोधलं आणि गुपचूप दुरुस्त केलं. पण टेस्टर बोलतो तो वीज असली तर. नव्या बांधकामात वीज नसतेच, तिथे रंगाशिवाय दुसरं काही हाताशी नसतं.

दुसऱ्या दिवशी तो बायकोला म्हणाला, "घरी बसून काय करतेस? चल माझ्याबरोबर." नवं लग्न, नवऱ्याला करमत नसेल, अशी तिनं आपली समजूत करून घेतली आणि खुशीत निघाली. पहिल्याच घरी तो म्हणाला, "ती लाल दे जरा." लाल वायरचं भेंडोळं त्याच्याच पायाशी पडलं होतं.

महिन्याभरात तिच्या डोक्यात प्रकाश पडला. बाजारात टोमॅटो घेताना तो प्रत्येक टोमॅटो दाबून बघायचा. दाबल्याशिवाय एकही उचलायचा नाही, आणि मग पिकलेत की नाही हे भाजीवाल्यालाच दटावून विचारायचा. ती काही बोलली नाही. या माणसाला असं काही तोंडावर सांगायचं म्हणजे त्याला भर बाजारात उघडं पाडण्यासारखं होतं. ती आपली वायर देताना रंगाचं नाव घ्यायला लागली, जशी काही जन्मजात सवय. का बोलतेस, असं त्यानं कधी विचारलं नाही. का बोलते, ते तिनं कधी सांगितलं नाही. वीसेक वर्षं दोघांनी या विषयावर एक अक्षर न काढता संसार केला, आणि तेवढ्या वर्षांत त्यांनी केलेल्या एकाही घरात कुणाला झटका बसला नाही.

मग वीजखात्यानं नियम बदलला. यापुढे परवाना नसलेल्या माणसानं कुणाच्या भिंतीतल्या वायरीला हात लावायचा नाही. नवा असो की मुरलेला, आधी प्रत्येकानं शिकाऊ परवाना काढायचा. त्यासाठी डोळ्यांची तपासणी, तोंडी परीक्षा आणि प्रात्यक्षिक. तो मिळाला की पूर्ण परवाना असलेल्या ठेकेदाराच्या हाताखाली काही वर्षं काढायची, मग स्वतःचा पूर्ण परवाना. वायरमनच्या बरोबरीचे सगळे कुरकुरत गेले आणि परवाने घेऊन आले. वायरमन गेला नाही. "शिकाऊ? मी?" तो चारचौघांत म्हणाला. "ज्यांना मी पक्कड धरायला शिकवली ते माझी परीक्षा घेणार?" लोक म्हणाले, माज चढलाय. त्यानं तो माज आनंदानं अंगावर घेतला. खरं कारण कळण्यापेक्षा माजोरडा ठरलेलं बरं. डोळ्यांच्या तपासणीत रंगीत ठिपक्यांचं एक पुस्तक असतं, हे त्यानं कुठूनतरी ऐकलं होतं. तिनंही ऐकलं होतं.

कामं आटली. शिडी जिन्याखाली आडवी झाली. वायरमन घरात बसून घरातलीच बटणं उघडायला लागला. उघडायची, पुसायची, परत बसवायची. बटणं संपल्यावर पंखे झाले. एके दिवशी तो फ्रिजचा चांगला चालता प्लग उघडून बसलेला दिसला, तेव्हा तिच्यानं राहवेना.

"अहो, मी देते ती परीक्षा."

"कसली?"

"शिकाऊ परवान्याची."

"तू?" तो म्हणाला. "तू शिडीवर तरी चढलीयेस का कधी?"

"तुम्ही चढू दिलंत का कधी?"

तो प्लगचा स्क्रू पिळत राहिला. "जमेल तुला?" त्यानं विचारलं.

"जमेल न जमेल, पुढचं पुढे. पण आज फ्रिज झाला, उद्या तुम्ही माझ्या शिलाई मशीनवर बसणार. ते मी खपवून घेणार नाही."

वायरमनला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं. ही आपल्यासाठी का बसतेय परीक्षेला, हे त्याला कळलं होतं, आणि त्याला कळलंय हे तिलाही कळलं होतं. बोललं मात्र दोघांतलं कुणीच नाही. बोलून मोकळं व्हायची सवय त्या घराला नव्हतीच.

वरच्या मजल्यावर तिची नणंद राहायची. तिनं आधी कपाळावर हात मारला. "या वयात परीक्षा? आणि नापास झालीस तर? दादाला तोंड दाखवायला जागा राहील का?" पण दुसऱ्याच दिवशी तोंडी परीक्षेचं पुस्तक तिनं आपल्या ताब्यात घेतलं. नणंदेला विजेतलं ओ की ठो कळत नव्हतं. पण पुस्तकातला प्रश्न वाचायचा आणि खालच्या उत्तराशी ताडून बघायचं, याला कळावं कशाला लागतं? ती जिन्यातून ओरडायची, "वहिनी, फ्यूज म्हणजे काय?" आणि स्वयंपाकघरातून उत्तर जायचं. उत्तरात एक शब्द पुढेमागे झाला तरी ती मान्य करायची नाही. "पुस्तकात असं नाहीये," म्हणायची. वीज कशी वाहते याचा शोध जणू तिनंच लावला होता.

प्रात्यक्षिक वायरमननं घेतलं. अंगणात एक लाकडी फळी उभी केली, तिच्यावर बटणं, होल्डर आणि सॉकेट ठोकलं आणि म्हणाला, "जोड." वायरी सोलणं, पिळणं, मोजून कापणं, हे सगळं तिच्या हातात मुरलेलं होतं. कुठली कुठे जाते, तेही वीस वर्षं खालून बघून पाठ होतं. घोळ भलताच झाला. ती वायर निवडायची, टोक सोलायची आणि हात लांब करून तशीच उभी राहायची.

"कुणाला देतेस?" तो म्हणाला. "मी इथे खाली आहे. तिथं लाव."

दोघंही हसले. हळूहळू तो हात आवरला. तोंड मात्र आवरेना. वायर उचलली की रंग तोंडातून बाहेर पडायचाच. लाल घ्या. काळी घ्या. एक दिवस वायरमन फळीकडे न बघता, समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाला, "परीक्षेत बोलायचं नसतं." या विषयाच्या इतक्या जवळ तो आजवर कधी आला नव्हता.

"नाही बोलणार," ती म्हणाली.

तिला हाताखाली घ्यायला एक ठेकेदार तयार झाला. वायरमनचा जुना ओळखीचा, मोठमोठी कामं घेणारा. त्याच्या स्वतःच्या घराचं वायरिंग वायरमननं केलेलं होतं आणि तो ते येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचा. "वायरमननं शिकवलंय म्हटल्यावर मी डोळे मिटून सही करतो," तो म्हणाला. शिकाऊ माणसाची हमी देणाऱ्यानं परीक्षेच्या दिवशी हजर राहायचं असतं, त्याप्रमाणे तो हजर राहणार होता.

परीक्षेच्या दिवशी नवरा तिला घेऊन गेला आणि फाटकाबाहेरच थांबला. आत आधी डोळ्यांची तपासणी होती. एका दमलेल्या डॉक्टरबाईंनी समोर पुस्तक धरलं. पानभर ठिपके, आणि ठिपक्यांमध्ये ठळक उठून दिसणारा आकडा.

"काय दिसतं?"

"सहा."

"इथे?"

"आठ." मग तिनं विचारलं, "डॉक्टर, ज्याला हे दिसत नाही त्याला काय दिसतं?"

"काही नाही. ठिपके. सगळे एकसारखे."

तिनं त्या पानाकडे पुन्हा बघितलं. डोळे बारीक करून तो आठाचा आकडा घालवायचा प्रयत्न केला. तो जाईना. तिनं आजवर ही गोष्ट लांबचं कमी दिसण्यासारखी किरकोळ धरली होती. आता तिला कळलं, की जे सगळ्यांना ढळढळीत दिसतं ते या माणसासाठी तिथे नसतंच. तरी तो रोज शिडी चढला. हात मागे केला, आणि ती जे म्हणेल ते खरं धरून जोडत गेला. एखाद्या दिवशी ती चुकली असती, रागाच्या भरात नुसती गप्प बसली असती, तर? भांडणाच्या दिवशीसुद्धा त्यानं हात तसाच मागे केला होता.

"डोळ्यात काही गेलंय का?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"नाही. पुढचं पान दाखवा."

तोंडी परीक्षा नणंदेच्या कृपेनं सरळ पार पडली. मग प्रात्यक्षिक. लांबट खोलीत ओळीनं टेबलं, प्रत्येकावर एक फळी. जिन्याचा दिवा जोडायचा होता, खालून लावायचा आणि वरून घालवायचा, दोन बटणांचा. शेजारी एक सॉकेट. परीक्षक लठ्ठ आणि सर्दीनं बेजार झालेले होते. नाक पुसत त्यांनी एकच नियम सांगितला. "कुणी कुणाशी बोलायचं नाही. बोलणारा बाहेर." ठेकेदार मागच्या बाकावर बसून होता.

तिनं पहिली वायर उचलली आणि ओठ घट्ट मिटून घेतले. आणि हात थांबले. वायर हातात आहे, कुठे लावायची तेही माहीत आहे, पण हात पुढे सरकेना. तिच्या हाताला इतकी वर्षं आधी शब्द ऐकायची सवय होती. शेजारच्या टेबलावर एक जाड मिशीवाला होता, आधी ट्रक चालवायचा म्हणे. तोही डोकं खाजवत उभा होता. घड्याळ पुढे सरकत होतं. तिनं मनातल्या मनात म्हणून बघितलं. लाल घ्या. मनातल्या मनात जमलं. दुसरी वायर जमली, तिसरी जमली. हाताला लय सापडली, आणि लय सापडली तसं तिचं स्वतःकडे लक्ष राहिलं नाही. सॉकेटला पोचेपर्यंत ती चांगली खणखणीत बोलत होती.

"हिरवी घ्या."

मिशीवाल्यानं तिच्याकडे बघितलं, आपल्या सॉकेटकडे बघितलं आणि लावलेली लाल वायर काढून तिथे हिरवी लावली. परीक्षकांनी ते नेमकं टिपलं.

"बाई, पक्कड खाली ठेवा."

तिची पाचावर धारण बसली. "साहेब, मी त्यांना नाही..."

"खाली ठेवा. बाहेर बसा. सगळ्यांचं आटोपलं की ऑफिसात या. समाधानकारक खुलासा झाला नाही तर तीन वर्षं परीक्षेला बसता येणार नाही."

ती फाटकाशी गेली. वायरमन तिच्या चेहऱ्यावरूनच समजला.

"बोललीस?"

"बोलले." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "शेजारच्याला उत्तर सांगत होते म्हणतात. तीन वर्षं बंद करतील."

तीन वर्षं म्हणजे काय, हे दोघांनाही बोटं न मोजता कळत होतं. तोवर लोक त्यांना विसरून गेले असते.

"तुम्ही काळजी करू नका," ती घाईनं म्हणाली. "मी सांगते, मला एकटीला बडबडायची खोड आहे. वेडी म्हणतील, म्हणू देत. बाकी काही सांगायचं नाही मी."

तो बाजूच्या नळावर गेला, पाणी प्यायला, तोंड धुतलं, आणि तिथेच उभा राहिला. ती एकटीच आत गेली.

ऑफिसात परीक्षक टेबलामागे होते, ठेकेदार खुर्चीत होता आणि मिशीवाला दाराशी घाम पुसत उभा होता. आधी त्याची पाळी आली.

"या बाईंनी तुम्हाला उत्तर सांगितलं?"

"सांगितलं नाही साहेब, ऐकू आलं. आता कान काय घरी ठेवून येऊ?"

परीक्षकांना शिंक आली म्हणून त्यांचं हसू लपलं. मग ते तिच्याकडे वळले. "तुम्ही का बोलत होतात?"

"सवय आहे साहेब. मी एकटी असले की बडबडते."

"बडबड करणारं माणूस काहीही बोलतं. तुम्ही रंग बोलत होतात. क्रमानं. आणि 'घ्या' म्हणत होतात. कुणाला?"

"कुणाला नाही."

"कुणाला नाही?"

"कुणाला नाही," ती म्हणाली आणि खाली बघत उभी राहिली. ठेकेदार तिच्याकडे टक लावून बघत होता. याच्या कानावर एकदा गेलं की संध्याकाळपर्यंत सगळ्या वायरमन लोकांत होईल, आणि मग नवऱ्याला त्यांच्यासमोरून जाता येणार नाही, एवढंच तिच्या डोक्यात होतं. परवाना गेला तर गेला. परीक्षकांनी पेनाचं टोपण काढलं.

"मला," दारातून आवाज आला.

वायरमन आत आला. तोंड अजून ओलंच होतं. कुणी बस म्हणण्याची त्यानं वाट बघितली नाही.

"ती मला सांगत असते साहेब. मला लाल-हिरवं दिसत नाही. ती बोलते, मी जोडतो. वीस वर्षं आमचं असंच चाललंय, म्हणून तिच्या तोंडातून जात नाही. त्या मिशीवाल्याशी तिचा काही संबंध नाही."

"अहो..." ती म्हणाली. परीक्षकांनी ड्रॉवर उघडून वायरीचे दोन तुकडे काढले आणि टेबलावर ठेवले. ते वाईट माणूस नव्हते, पण परीक्षक होते.

"यातली लाल कुठली?"

वायरमननं दोन्ही तुकडे उचलले. खिडकीपाशी नेले, उजेडात धरले, जवळ आणले, लांब नेले. त्या भागातला सगळ्यात तिखट जिभेचा माणूस, चार जणांसमोर, शाळकरी पोरासारखा घामाघूम होत होता. तिला वाटलं ओरडून सांगावं. तिनं दात ओठांवर रोवले. या वेळी मात्र तिनं तोंड उघडलं नाही, कारण या वेळी बोललं असतं तर त्यानं एवढा धीर केला तो पाण्यात गेला असता.

"ही," तो शेवटी म्हणाला आणि हिरवा तुकडा पुढे केला.

परीक्षकांनी मान हलवली. ठेकेदार खुर्चीतून उठलाच. "अरे, माझं अख्खं घर तू केलंयस!"

"तुमचं घर हिनं केलंय," वायरमन म्हणाला. "मी नुसता शिडीवर होतो."

ठेकेदार पुन्हा खाली बसला. आपल्या घरातली एकेक खोली तो मनातल्या मनात तपासून बघत असावा. मग म्हणाला, "एकदासुद्धा फ्यूज गेला नाही रे," आणि ते तक्रार केल्यासारखं म्हणाला.

परीक्षकांनी तिला पुन्हा फळी दिली. खोली रिकामी करून दिली, बाकीच्यांना जायला सांगितलं, दार लोटून घेतलं. "आता शेजारी कुणी नाही," ते म्हणाले. "हवं तेवढं बोला. मला सर्दी आहे, मला तसंही काही ऐकू येत नाही." ती बोलत बोलत जोडत गेली. दाराबाहेर वायरमन भिंतीला टेकून ऐकत होता. प्रत्येक रंगाबरोबर त्याचा उजवा हात खिशातल्या खिशात हलत होता, हे ठेकेदारानं बघितलं आणि दुसरीकडे मान वळवली. दिवा खालून लागला, वरून विझला. शिकाऊ परवान्यावर शिक्का बसला.

"सोमवारी दोघंही या," ठेकेदार निघताना म्हणाला. "जोडायचं हिनं. शिडी धरायला, पाइपासाठी भिंतीत झिरी मारायला परवाना लागत नाही." मग वायरमनला म्हणाला, "आणि माणसा, आधी सांगायचंस." एवढं बोलून तो गेला. तो हे कुणाकुणाला सांगणार, हे त्याच्या चालण्यावरून कळत नव्हतं. सांगणारच असेल तर आता अडवायचं तरी कुणी आणि कशासाठी?

परतीच्या रस्त्यावर वायरमन दोन पावलं पुढे चालत होता. तिनं त्याला गाठलं.

"लाज वाटली का हो?"

"वाटली." तो चालत राहिला. "पण वाटेल असं वाटायचं, तेवढी नाही."

पुढे रस्ता चढाचा होता. दोघंही दमले होते. वळणावर तो श्वास घ्यायला थांबला आणि तिच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं, एखाद्या अनोळखी घरात काम सुरू करण्याआधी बघायचा तसं.

"एक विचारू?"

"विचारा की."

"हा तुझा स्वेटर कुठल्या रंगाचा आहे?"

ती जागच्या जागी उभी राहिली. कामाशी संबंध नसलेला एकही रंग त्यानं आजवर तिला विचारला नव्हता.

"हिरवा," ती म्हणाली.

"हिरवा होय? मी आपला तपकिरी धरून चाललो होतो. एवढी वर्षं."

"मग तपकिरी कसा दिसायचा?"

"वाईट," तो म्हणाला. "पण तुला आवडतो म्हणून गप्प बसलो."

तिला हसू फुटलं. इतकं हसली की रस्त्याकडेच्या कठड्याला धरून उभं राहावं लागलं, आणि हसता हसता ती कधी रडायला लागली ते तिचं तिलाही कळलं नाही. तो शेजारी उभा राहिला. तिचं होईपर्यंत थांबला.

"आणि ते समोरचं दार?" त्यानं विचारलं.

"निळं."

"निळं दिसतं मला. त्याच्या शेजारचं विचारतोय."

"ते लाल आहे," ती म्हणाली. "आणि खिडकी हिरवी."

दोघं पुन्हा चालायला लागले. घर येईपर्यंत तो विचारत होता आणि ती सांगत होती.